सरासरीपलीकडची साखर

मधुमेहाचे नियंत्रण जोखण्यासाठी हिमोग्लोबिन ए१सी ही रक्ततपासणी केली जाते. तिच्यावरून मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते. परंतु सरासरी समान असूनही एका रुग्णाची साखर स्थिर राहते, तर दुसऱ्याची रात्री झोपेत धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्वचेखाली बसविलेला संवेदक पेशींभोवतालच्या द्रवातील ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजतो व हे चढउतार उघड करतो. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरलेल्या निकषांनुसार बहुसंख्य प्रौढ रुग्णांची साखर ७० टक्क्यांहून अधिक काळ दर डेसिलिटरला ७० ते १८० मिलिग्रॅम असावी. ७० च्या खाली ती ४ टक्क्यांहून कमी काळ, म्हणजे दिवसाकाठी तासाभराहूनही कमी वेळ, असावी. वृद्ध व दुर्बल रुग्णांसाठी ही मर्यादा १ टक्का आहे. साखर केवळ उतरविणे म्हणजे नियंत्रण नव्हे.