चिंतामणराव देशमुख

दिघी बंदरातून समोर जंजिऱ्याचा कोट दिसतो. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले व हा किनारा कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला. याच जिल्ह्यातील नाते गावी १८९६ साली चिंतामणराव जन्मले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ साली कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. ते देशाचे अर्थमंत्री होते. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचे ठरले. विरोध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला आणि त्याची चौकशीही होईना. तेव्हा १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला. असे पद सहजासहजी कोण टाकतो? १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. चिंतामणराव मात्र मंत्रिपदाकडे परतले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम त्यांनी केव्हाच पत्करले होते.