पाहिल्याशिवाय इसार नाही

आमच्या शेडमध्ये दोन पाणबुडी मोटरी पडून आहेत. एक विकायला काढलीय. दुसरी कुणी फुकट दिली तरी नेणार नाही. ती मी मोबाइलवर फोटो पाहून घेतली होती.

मुक्ताईनगर म्हणजे केळीचा पट्टा. बाग मोडली की ठिबकच्या नळ्या, पाइप, स्टार्टर असं काही ना काही निघतंच, आणि दुसऱ्या कुणाला नेमकं तेच हवं असतं. पूर्वी हा व्यवहार चहाच्या टपरीवर ठरायचा, आता व्हॉट्सॲपच्या गटांत आणि फेसबुकवर ठरतो. टपरीवर विकणाऱ्याचा बाप कोण, हे चारचौघांना ठाऊक असायचं. मोबाइलवर तेवढं कळत नाही. सात-आठ वर्षांत बरंच घेतलं, विकलं, दोन-तीनदा सपाटून फसलो. त्यातून जे शिकलो ते असं.

१. मोटर पाहायची तर लाइट असताना.

शेतीची थ्री फेज लाइट दिवसाचे आठ तास, तीही पाळीनं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी ती फोटोतली मोटर आणायला मी संध्याकाळी पाच वाजता गेलो. मोटर विहिरीच्या काठावर, पुसून-बिसून ठेवलेली. “चालूच आहे भाऊ, आता लाइट नाही म्हणून, नाही तर दाखवली असती.” माणूस गोड होता, चहा पाजला. पैसे देऊन आलो. चार माणसं लावून मोटर बोअरमध्ये सोडली. दहा मिनिटं करंगळीएवढी धार आली आणि स्टार्टर पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. वाइंडिंगवाल्यानं खोलून दाखवली तेव्हा पंपाचे इंपेलर वाळूनं खाल्लेले, बुश झिजलेले, वाइंडिंग आधी दोनदा भरलेलं. शेजारचे काका बघायला आले आणि एवढंच म्हणाले, “भो, मोटर पाह्याची असली तं लाइट असताना जाय.” सोडायची आणि काढायची मजुरी वेगळी गेली.

आता क्लॅम्प मीटर सोबत असतं. मोटर पाण्यात चालू करायची आणि तिन्ही वायरींचे अँपिअर मोजायचे. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत आणि मोटरच्या पाटीवर लिहिलंय त्याच्या वर जायला नकोत. पाटीच खरवडलेली असेल तर चहा पिऊन परत यायचं.

२. दोष आपणच आधी सांगावा.

केळीची कांदेबाग मोडल्यावर माझ्या ठिबकच्या नळ्या विकायच्या होत्या. गटात सगळे ‘नव्यासारखी’ लिहितात, म्हणून मी मुद्दाम लिहिलं: तीन हंगाम वापरलेली, दोन बंडलं उंदरांनी कुरतडलेली, आतून थोडा क्षार आहे. वीतभर नळी कापून उभी चिरली आणि आतला पांढरा थर दिसेल असा फोटो टाकला. घरच्यांनी वेड्यात काढलं. रात्रीपर्यंत सात फोन आले. सावद्याकडचा एक जण दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊनच आला, कुरतडलेली बंडलं भंगाराच्या भावानं, बाकीची ठरल्या भावानं घेऊन गेला. घासाघीस झालीच नाही, कारण ज्यावर घासाघीस करायची ते मीच लिहून बसलो होतो.

३. गाडी विकली म्हणजे सही केली असं नाही, नाव बदललं असं.

आमच्यापासून बऱ्हाणपूर जवळ, पण ते मध्य प्रदेशात. तिकडच्या एका पोराला मोटरसायकल दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या आणि विसरलो. काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर चलनाचे मेसेज यायला लागले. गाडी कुठल्या कुठे, दंड माझ्या नावावर. दंडाचं एक वेळ ठीक. पण नाव बदलण्याआधी अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याचीच. हे वाचल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० भरून, घेणाऱ्यासोबत स्वतः पाठपुरावा करायचा. परराज्यात जाणार असेल तर आधी फॉर्म २८ ची एनओसी. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. घेणाऱ्याला घाई असेल तर असू दे. त्या पोराला शोधून नाव बदलायला मला चार चकरा पडल्या, वर जेवणही मीच घातलं.

४. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जुना फ्रिज विकायला टाकला तर अर्ध्या तासात फोन. “मी लष्करात आहे, भुसावळहून बदली झाली, वस्तू न पाहता घेतो.” आमच्याकडे हे चटकन खरं वाटतं, वरणगाव-भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी फौजी आहे. मग तो क्यूआर कोड पाठवतो: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. माझ्या मेव्हण्यानं टाकला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून थोडे वाचले. न पाहता घेणारा गिऱ्हाईक मला तेव्हापासून चोरच वाटतो, मग तो खरा फौजी का असेना.

५. मोबाइल जुना घेऊ नका. घ्यायचाच असेल तर *#०६# दाबून आयएमईआय पाहा, बिलावरच्या नंबराशी जुळवा आणि तो १४४२२ वर केवायएम लिहून पाठवा. चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्याच दारात येतात.

६. “लास्ट किती?” एवढंच विचारणाऱ्याला उत्तर देत बसू नये. तो येत नाही.

परवा माझी चांगली मोटर पाहायला जामनेरकडचा एक जण आला. मी म्हटलं, लाइट रात्री अकराला येईल, उद्या या. तो म्हणाला, थांबतो. आईनं खिचडी टाकली. अकराला लाइट आली, आम्ही मोटर हौदात सोडली. मी बटण दाबायला वळलो, तर त्यानं खिशातून क्लॅम्प मीटर काढलं.