व्हॉल्यूमवर खापर फोडण्याआधी

अगं, अँप्लिफायर जरा खरखरला की व्हॉल्यूम उपटून नवा बसवायचा, हे तुला कुणी शिकवलं? स्वस्तातला पार्ट म्हणून सगळं पाप त्याच्याच माथी. आधी ऐक की, आवाज नेमका कधी येतोय.

नॉब फिरवतानाच खरखर येत असेल, तर बहुतेक आत कचरा आहे. आपल्याकडं खाली माग चालतात, सुताचे बारीक तंतू घरभर उडतात, त्यात सोलापूरची धूळ. वीज काढ, काँटॅक्ट क्लीनरचा फवारा पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरच्या, फटीतून आत मार आणि दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली घोळव. शिलाई मशीनचं तेल मात्र घालू नकोस, त्यावर धूळ आणखी चिकटते.

साफ करूनही चार दिवसांत खरखर परत आली, तर लगेच पॉटला दोष देऊ नकोस. मीटर डीसी व्होल्टवर लाव आणि पॉटचा सिग्नल येणारा पाय अर्थच्या तुलनेत बघ. तिथं जवळपास शून्य हवं. व्होल्टेज दिसलं तर मागचा कपॅसिटर गळतोय. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या डब्यात इलेक्ट्रोलिटिक लवकर थकतात. तो बदलला नाहीस तर नवा पॉटही तसाच ओरडणार.

आवाज कमीच होत नसेल, नॉब शून्यावर असूनही गाणं मोठ्यानं वाजत असेल, तर पॉटचा अर्थचा पाय सुटलाय. सोल्डर बघ. नॉबला हात लावला की गुरगुर थांबते का? मग पॉटच्या पत्र्याच्या अंगाला अर्थची वायर नाही.

हे सगळं ठीक असूनही पॉटच बदलायचा असेल, तर आता खरेदी. लोक इथंच फसतात, म्हणून सविस्तर सांगते. दुकानात 'व्हॉल्यूम द्या' एवढंच म्हणालीस तर हाताला येईल ते देतील. '५० के, ए, डबल' असं माग. के म्हणजे किलोओहम. डबल म्हणजे एका दांडीवर दोन पॉट, स्टिरिओसाठी. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. (जुन्या युरोपियन रेडिओतून काढलेला असेल तर अक्षरावर विसंबू नकोस, तिथं उलटही असायचं.) मीटरनं खात्री कर: दांडी अर्ध्यावर ठेवून मधला पाय आणि कडेचे दोन्ही पाय मोज. दोन्हीकडं सारखा रेझिस्टन्स आला तर लिनिअर. एका बाजूला एकूण रेझिस्टन्सच्या दहा-वीस टक्केच आला तर लॉग. लिनिअर अर्ध्यावर असताना सिग्नल फक्त ६ डेसिबलनं घटतो, कानाला जवळपास पूर्ण आवाज वाटतो. म्हणून लिनिअर लावलेला तुझा ४४४० आयसीचा बोर्ड पाव फेऱ्यातच ओरडतो आणि उरलेल्या फेऱ्यात काही होत नाही.

लॉग मिळालाच नाही तर जुगाड आहे. १०० के लिनिअर घे, मधल्या पायापासून अर्थच्या पायापर्यंत १५ केचा रेझिस्टर जोड. अर्ध्यावर सिग्नल साधारण १९ टक्के राहतो, लॉगच्या बराच जवळ. फोनवरून गाणं लावलंस तरी एवढा भार त्याला सहज झेपतो. डबलला दोन रेझिस्टर, दोन्ही सारखे.

पायांवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नकोस, आतला रिव्हेट ढिला पडतो. आणि नॉब वेगळा घेणार असशील तर पॉट बरोबर घेऊन जा. कुणाची दांडी गोल, कुणाची दातेरी, आणि दुकानदार दोन्हीला 'बसेल की ताई' म्हणतो.