देणे आणि देणगी



आपल्या भाषेत 'देणे' आणि 'देणगी' हे शब्द एकाच घरातले, पण दोघांची जात वेगळी. देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दिली तर उपकार, न दिली तर तक्रार करता येत नाही. देणे मात्र मर्जीवर नसते. ते मुळात दुसऱ्याचेच असते, फक्त आपल्या तिजोरीत पडून असते. कारखाना बंद पडल्यावर किंवा कामावरून कमी केल्यावर कामगाराला मिळायचा थकीत पगार, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, भविष्यनिर्वाह निधी ही सगळी देणी आहेत. तरीही या पैशांविषयी बोलताना आपल्यातले अनेक जण म्हणतात, "फादर, साहेबांनी काही दिलं तर बरं होईल." लढाई सुरू होण्याआधीच या वाक्यात ती अर्धी हरलेली असते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा विषय नवा नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना २०२३-२४ च्या हंगामात सुरूच झाला नाही आणि थकलेल्या पगारासाठी कामगारांना आंदोलन करावे लागले. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला, मग २०२२ मध्ये निराणी समूहाने तो भाडेतत्त्वावर चालवायला घेतला. पुण्याच्या वाटेवरचा थेऊरचा यशवंत कारखाना २०११ मध्ये बंद पडला. तेथील कामगारांची देणी दहा वर्षे उलटून गेली तरी चुकती झाली नव्हती. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत तर ठेकेदार बदलला की कामगाराचा मालकही बदलतो, आणि मागचा हिशेब कोणाकडे मागायचा हेच त्याला कळत नाही.

हे फक्त अडचणीतल्या कारखान्यांचे दुखणे आहे असे समजू नका. तळेगावच्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले आणि २०२१ मध्ये हजाराहून अधिक कामगारांना ले-ऑफ दिला. भरपाईचा वाद न्यायालयात गेला. २०२३ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार झाला, तेव्हाही कामगारांचे आंदोलन चालूच होते. जागेला, यंत्रांना गिऱ्हाईक मिळते. माणसांचा हिशेब मागे राहतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराचे पैसे दिवस मावळण्याआधी चुकते करण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिले आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे. मालकाची सोय, बाजारभाव, बँकेचे कर्ज यांचा तेथे उल्लेखही नाही. संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आणखी पुढे जातात. त्यांच्या मते अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. म्हणूनच ख्रिस्तसभा मजुरी बुडवण्याला देवाकडे दाद मागणाऱ्या पापांत मोजते. त्याच यादीत हाबेलाचे रक्तही आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायविचार आम्ही अभ्यासला होता. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची ठाम इच्छा म्हणजे न्याय, असा त्याचा आशय. दया त्यानंतर येते. आपल्या धर्मग्रामात एखाद्या कुटुंबाला महिन्याचा शिधा दिला जातो, मुलांची फी भरली जाते. हे चांगलेच आहे, चालू राहिले पाहिजे. पण बावीस वर्षे बॉयलरवर काम केलेल्या माणसाला शिध्याची पिशवी देऊन त्याच्या हक्काचे दोन लाख विसरायला लावणे ही दया नव्हे.

दोन लाख हा आकडा मी हवेत फेकलेला नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्या, २६ ने भागा, १५ ने गुणा, नोकरीच्या वर्षांनी गुणा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आणि नोकरी २२ वर्षे असेल, तर रक्कम होते सुमारे २,२८,४६१ रुपये. त्यासाठी साधारणतः पाच वर्षांची सलग नोकरी लागते. मात्र कामगाराचा मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांची अट नाही, वारसांना रक्कम मिळते. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना वाटते की आपल्याला काहीच नाही. तसे नाही. फक्त हंगामात काम करणाऱ्याला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी आहे.

नुकसानभरपाई यापेक्षा वेगळी. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी केले तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कारखाना बंद केला तरीही हेच. "आम्हालाच तोटा झाला, कोठून देणार?" हे उत्तर आपण हमखास ऐकतो. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होऊ शकते, हे खरे. पण निव्वळ तोटा किंवा पैशाची अडचण म्हणजे हाताबाहेरचे कारण नव्हे, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच लिहिलेले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, पण ज्यांचे काम त्याआधी गेले त्यांनी आपला हक्क जुन्या कायद्यांनुसार तपासून घ्यावा. पंधरा दिवसांचे माप दोन्हीकडे तेच आहे.

आता मागायचे कसे? तोंडी नाही. गेटवर, फोनवर, लग्नात भेटल्यावर मागितलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. अर्ज लेखी करा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. ग्रॅच्युइटीचा अर्ज उशिरा केला एवढ्याच कारणावरून मालकाला तो नाकारता येत नाही, पण उशीर जितका कमी तितके बरे. मालक दाद देत नसेल तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात पुढची वाट विचारा. अधिकाऱ्याने रक्कम ठरवून वसुलीचा दाखला दिला की ती शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते. म्हणजे शेवटी फाइल आपल्याच तहसील कचेरीत येते. ती तेथे पडून राहू नये म्हणून चारचौघांनी मिळून पाठपुरावा करावा लागतो. एकट्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणे सोपे असते.

'फुल अँड फायनल'च्या कागदाविषयी विशेष सांगतो. घरात अडचण असताना पन्नास हजार समोर ठेवले तर कोणीही सही करील. मी त्याला दोष देणार नाही. पण सही करताना 'रक्कम हक्क राखून स्वीकारली' असे स्वतःच्या हाताने लिहा आणि कागदाची प्रत मागून घ्या. कायद्याने ठरलेल्या ग्रॅच्युइटीपेक्षा कमी देण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, हे लिहून देणाऱ्या साहेबालाही ठाऊक असते. पुढच्या तारखेचे चेक दिले आणि ते वटले नाहीत, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. ही मुदत हातची सोडू नका.

भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक तर आजच मुलाला मोबाईलवर उघडायला सांगा. पगारातून पैसे कापले आणि कार्यालयात भरलेच नाहीत, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. कारखाना सहकारी नसून कंपनी असेल आणि दिवाळखोरीत गेली, तर दावे मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कंपनी मोडीत निघताना आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेच्या बरोबरीने मोजली जातात. पण दावाच दाखल केला नाही तर रांगेत आपले नावच नसते. सहकारी कारखान्याची वाट सहकार कायद्यातून जाते. कारखाना दुसऱ्या कोणी चालवायला घेतला, तर जुनी देणी कोणी द्यायची हे करारात काय लिहिले आहे, ते सभासदांनी सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारावे. आपल्यातले काही जण ऊस घालणारे सभासद आहेत. कामगारांचा प्रश्न आला की त्यांनी गप्प बसू नये.

येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या कामगारविषयक परिपत्रकात मांडलेला एक विचार उपयोगी पडतो. पगार देणारा हा प्रत्यक्ष मालक. पण त्याचे हात बांधणारे किंवा सोडवणारे सरकार, संस्था, नियम हे अप्रत्यक्ष मालक. जबाबदारी त्यांच्यावरही येते. आपल्याकडे संचालक बँकेकडे बोट दाखवतात, बँक गहाणखताकडे, आणि सरकार सहकाराकडे. मालक इतके झाले की कामगाराला मालकच सापडत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊन अनेक जण घरी बसतात. शिरूर आणि दौंड या दोन्ही न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला तेथे मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात अर्ज लिहायला बसू. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, हजेरी कार्ड, बँक पासबुक, जे असेल ते आणा. काहीच नसेल तर त्याच खात्यात काम केलेल्या दोन सोबत्यांना घेऊन या; ते आपल्या चर्चचे नसले तरी चालतील. ज्या भगिनींचे पती कारखान्यात होते आणि आता हयात नाहीत, त्यांनी मृत्यूचा दाखला आणि आपले आधार कार्ड आठवणीने आणावे.