कुंपणापलीकडचे झाड आणि विम्याचा कागद



शेजाऱ्याच्या आवारातील झाड उन्मळून उभ्या मोटारीवर पडले की झाडाचा मालक तोच नुकसानीचा देणेकरी, असा समज सोसायट्यांच्या सभांत आणि वाहनतळावरील भांडणांत हमखास आढळतो. कायदा मात्र झाड कोणाचे होते एवढेच पाहून थांबत नाही. ते पडण्याजोगे झाले आहे हे मालकाला केव्हा आणि कशावरून कळायला हवे होते, या प्रश्नाला तो अधिक वजन देतो. चिरंजीव भाच्याने पुण्यात जेथे नुकतेच घर घेतले आहे त्या सोसायटीच्या वाहनतळाची एक बाजू शेजारच्या जुन्या बंगल्याच्या भिंतीला लागून असून गुलमोहराच्या फांद्या त्या भिंतीवरून आत झुकलेल्या आहेत, तेव्हा हा विषय पावसाळ्याआधी समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी स्वतःच्या विम्याचा कागद उघडून पाहावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार सक्तीचा असलेला विमा हा ‘थर्ड पार्टी’ विमा होय, म्हणजे गाडीमुळे इतरांना झालेल्या इजेची वा हानीची भरपाई करणारा. स्वतःच्या गाडीवर झाड पडल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ या नावाने ओळखला जाणारा, स्वतःच्या गाडीच्या हानीचा भाग पॉलिसीत असावा लागतो. येथे एक फसगत संभवते. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, परंतु ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि कागदावर तीन वर्षांची तारीख पाहून निश्चिंत झालेल्या मालकाला दुसऱ्या वर्षी झाड पडल्यावरच आपली गाडी उघडी होती हे कळते. दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या वाचाव्यात. विक्रेत्याच्या ‘फुल इन्शुरन्स आहे’ या शब्दांवर विसंबू नये.

ओन डॅमेज चालू असेल तर झाड कोणाचे, चूक कोणाची, हे विमा कंपनीपुढे सिद्ध करावे लागत नाही, कारण वादळ आणि बाह्य कारणाने झालेला अपघात हे दोन्ही धोके प्रमाणित पॉलिसीत समाविष्ट असतात. तरीही बिलाची सगळी रक्कम मिळत नाही. सुट्या भागांच्या जुनेपणापोटी केली जाणारी वजावट, म्हणजे घसारा, प्लास्टिक व रबराच्या भागांवर 50 टक्के, काचेवर शून्य आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीस 25 टक्के, अशी धरली जाते. रंगकामात केवळ रंगसाहित्याच्या किमतीवर 50 टक्के वजावट होते आणि साहित्याची किंमत वेगळी दाखवलेली नसल्यास ती एकूण रंगखर्चाच्या चतुर्थांश मानतात. समजा, साडेतीन वर्षांच्या गाडीचे टप आणि बॉनेट यांचे धातूकाम 40,000 रुपये, प्लास्टिकचे भाग 12,000, रंगकाम 16,000, काच 8,000 आणि मजुरी 10,000, असे 86,000 रुपयांचे बिल झाले. तर अनुक्रमे 10,000, 6,000 आणि 2,000 रुपये घसाऱ्यात जातात, 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीस दर दाव्यामागे मालकाने सोसावयाचे सक्तीचे 1,000 रुपये वेगळे, आणि हाती 67,000 रुपये येतात. ‘झिरो डेप’ हे जास्तीचे कलम हप्ता वाढवून घेतले असल्यास घसाऱ्याची वजावट टळते. बोलीभाषेत त्याला ‘बंपर टू बंपर’ म्हणतात. पण त्यानेही सक्तीचे 1,000 रुपये सुटत नाहीत.

याखेरीज ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग दावा न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के अशी चढती सूट मिळते, आणि एका दाव्याने ती शून्यावर येते. ज्याला पुढील नूतनीकरणाच्या वेळी 45 टक्के सूट मिळणार होती त्याने, मूळ हप्ता 10,000 रुपये असल्यास, दावा केल्यामुळे पहिल्याच वर्षी 4,500 रुपये गमावले, आणि पुन्हा ती पायरी गाठेपर्यंतच्या वर्षांचा तोटा निराळा. म्हणून फांदीने केवळ आरसा मोडला असेल तर दावा न करणे शहाणपणाचे; टप चेपले असेल तर मात्र संकोच करू नये. दुरुस्तीचा अंदाज विमित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी ‘टोटल लॉस’ समजली जाते आणि दुरुस्तीऐवजी त्या मूल्याच्या आधारे हिशेब होतो.

आता शेजाऱ्याकडे वळता येईल. जेथे करार नसतो तेथेही एकाच्या वागण्याने दुसऱ्याची हानी झाल्यास भरपाई देवविणारी कायद्याची शाखा म्हणजे अपकृत्यांचा कायदा, आणि त्यातील प्रस्तुत कल्पना म्हणजे निष्काळजीपणा: सामान्य सुज्ञ माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेणे. नोबल विरुद्ध हॅरिसन या 1926 च्या इंग्लिश खटल्यात शांत हवेत बीच वृक्षाची फांदी रस्त्यावरील प्रवासी मोटारीवर कोसळली होती, तरी तिच्यातील दोष वरवर पाहून कळण्यासारखा नसल्याने मालक सुटला. उलट दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी या खटल्यात, स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून तो दगावला असता, सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये महानगरपालिकेला जबाबदार धरले. रहदारीलगतच्या झाडांची वेळोवेळी तपासणी करणे आणि धोका दिसताच तो दूर करणे हे झाड ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कर्तव्य ठरले. दोन्ही निकालांत विरोध नाही. दोष पाहण्याजोगा होता की नव्हता, यावर दोन्ही तोलले गेले आहेत.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे शेजारी म्हणेलच. त्याचेच कायदेशीर रूप म्हणजे ‘ईश्वरी कृती’चा बचाव, ज्याचा अर्थ मानवी काळजीने टळू न शकणारी, अंदाजापलीकडची नैसर्गिक घटना. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडात जी झाडे आडवी केली त्यांच्या बाबतीत तो बचाव वजनदार ठरू शकतो. दरवर्षीच्या जुलैतील झडीत तो लंगडा पडतो, कारण महाराष्ट्रात पावसाळ्यात वारा सुटणे यात अनपेक्षित असे काहीच नाही. त्यातून गुलमोहर हे मूळचे मादागास्करचे, उथळ मुळांचे आणि ठिसूळ लाकडाचे झाड. भोवती काँक्रीट झाले किंवा चर खणताना मुळे तुटली की त्याचा आधार आणखी जातो. बुंध्याला आलेली आळंबी, ढोली, वाळलेली मोठी फांदी, एका बाजूने उचललेली माती, ही लक्षणे माळ्यालाच काय, रोज जाणाऱ्या-येणाऱ्यालाही दिसतात.

म्हणून सगळ्यात मोलाचा कागद झाड पडण्याआधीचा असतो. असे काही दिसल्यास सोसायटीच्या समितीमार्फत बंगल्याच्या मालकाला तारखेनिशी, छायाचित्रांसह पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि प्रत महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे पाठवावी. त्यानंतर ‘कल्पना नव्हती’ हे म्हणणे टिकत नाही. हे पत्र दुधारी आहे, हेही विसरू नये. धोका लेखी कळवून गाडी मात्र त्याच फांदीखाली उभी करत राहिल्यास मालकाच्या हाती ‘सहभागी निष्काळजीपणा’ म्हणजे नुकसानीत स्वतः नुकसानग्रस्ताचाही वाटा, हा मुद्दा जातो, आणि गाडी सुरक्षित राखण्याची वाजवी काळजी घ्यावी, अशी अट विमा पॉलिसीतही असतेच.

आत आलेली फांदी स्वतःच छाटण्याचा मोह टाळावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मधील झाड तोडण्याच्या व्याख्येत कापणे, जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सर्व येते, त्यामुळे परवानगीवाचून कुऱ्हाड लावणारा स्वतःच कारवाईस पात्र ठरतो. मालकाने परवानगी मागितली आणि ती कचेरीत पडून राहिली तर त्याचा भार हलका होऊन प्रश्न महानगरपालिकेच्या दारी जाऊ शकतो. तिच्यावर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावाही सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, हे अनेकांना मुदत उलटल्यावर समजते.

झाड पडलेच, तर फांद्या हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, त्यात बुंध्याचा कुजका भागही यावा, कारण अग्निशमन दलाने ओंडके कापून नेल्यावर पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. विमा कंपनीला लगेच कळवावे, शक्य तेथे पंचनामा करून घ्यावा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी चालवू नये; दुरुस्तीआधी चालवल्याने वाढलेली हानी कंपनी सोसत नाही. शेजाऱ्याने अजिजी केली म्हणून ‘काही तक्रार नाही’ असे त्याला लिहून देऊ नये. कंपनीने भरपाई दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडून ती वसूल करण्याचा विमेदाराचा हक्क कंपनीकडे येतो, यास प्रत्यासन म्हणतात, आणि तो हक्क परस्पर सोडून दिल्यास दावाच अडचणीत येतो. घसारा आणि सक्तीची वजावट यांपोटी कंपनीने न दिलेली रक्कम मात्र शेजाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास त्याच्याकडून मागता येते. वरच्या उदाहरणातील 19,000 रुपयांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी काय, याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच येईल. ती रक्कम कंपनीला कळवून, समितीच्या मध्यस्थीने, चहाच्या टेबलावर मागितलेली बरी.

गुलमोहराच्या फांद्या मे महिन्यातच उतरवायच्या तर खर्चाचा निम्मा वाटा त्या बाजूला गाड्या लावणाऱ्या सभासदांनी उचलण्याचा प्रस्ताव चिरंजीवाने समितीपुढे ठेवावा. बंगल्यात एकट्या राहणाऱ्या वृद्ध मालकीणबाईंना तो पटण्यासारखा आहे. परवानगीचा अर्ज मात्र त्यांच्याच सहीने जायला हवा, आणि तो भरून नेण्याचे काम चिरंजीवाने स्वतः करावे.

कळावे.

मामाचे आशीर्वाद