सॉफ्टवेअर-भांडारातील त्रुटी व त्यांचे निवारण

संगणक कक्षातील उबुंटू प्रणालीवर एखादे नवे साधन बसवू गेले असता कधी कधी पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग उमटते आणि काम तेथेच थांबते. अशा वेळी ‘संगणक बिघडला’ असे म्हणून त्यावर कापड टाकण्याची रीत तालुक्याच्या ठिकाणी सर्रास आढळते. आमच्या मते हे निदान बहुधा चुकीचे असते. यंत्र धडधाकट असते. तुटलेला असतो तो भांडाराशी असलेला त्याचा संपर्क.

१९९३ साली सुरू झालेला डेबियन प्रकल्प, त्यावर आधारलेली २००४ची उबुंटू आणि आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ या सर्व प्रणालींत सॉफ्टवेअर एका मध्यवर्ती भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून येते. भांडारांचे पत्ते संगणकातील ‘सोर्सेस’ नावाच्या यादीत नोंदलेले असतात. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा (ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी) त्या पत्त्यांवरून केवळ सूची आणते. प्रत्यक्ष नव्या आवृत्त्या ‘अपग्रेड’ने येतात. ग्रंथालयाची सूची आणि ग्रंथ यांत जो भेद, तोच येथे आहे. विद्यार्थी हा भेद हटकून विसरतात.

त्रुटी आली की प्रथम ती वाचावी. ‘डब्ल्यू’ने आरंभ होणारी ओळ इशाऱ्याची, ‘ई’ने होणारी त्रुटीची.

‘४०४ नॉट फाउंड’ याचा अर्थ, त्या पत्त्यावर ती वस्तू नाही. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे, इतरांना केवळ नऊ महिने पाठबळ मिळते. २३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि जुलै २०२४ मध्ये तिची मुदत सरली. अशा आवृत्त्या पुढे ‘ओल्ड रिलीजेस’ या जुन्या संग्रहात हलविल्या जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही: चालू दप्तरातून कागद गेला, तर तो पुराभिलेखागारात शोधावा. यादीची प्रत काढून ठेवून त्यातील पत्ता बदलला की सूची पुन्हा येऊ लागते. मात्र तेथे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून हा मार्ग पुढील आवृत्तीवर जाण्यापुरताच वापरावा. शाळेने मुळातच २४.०४ सारखी दीर्घ मुदतीची आवृत्ती घेणे श्रेयस्कर.

‘नो पबकी’ ही त्रुटी अधिक गंभीरपणे घ्यावी. भांडाराची सूची स्वाक्षरीसह येते आणि ती पडताळण्याची किल्ली संगणकाजवळ नाही, असा तिचा अर्थ. ही तपासणीच बंद करण्याचा उपाय अनेक जण सुचवितात. तो आम्हास सर्वथा अमान्य आहे. बनावट ताम्रपटांनी भल्याभल्या संशोधकांना चकविले आहे, आणि येथे तर बनावट वस्तू थेट संगणकाचा ताबा घेऊ शकते. ते बाहेरील भांडार अनावश्यक असेल तर यादीतून वगळावे. आवश्यक असेल तर किल्ली मूळ प्रकाशकाकडूनच घ्यावी.

सूची ‘अद्याप वैध नाही’ असा संदेश आल्यास घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी संपली, की दीर्घ सुट्टीनंतर संगणक मागील एखाद्या सालात जागा होतो आणि आजची सूची त्याला भविष्यातील वाटते. तारीख सुधारावी, बॅटरी बदलावी. खर्च किरकोळ आहे.

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ असे दिसल्यास यादीस हात लावू नये. दोष जोडणीत असतो. ‘लॉक’चा संदेश म्हणजे दुसरे काम चालू आहे, थांबावे, कुलूप मोडू नये. आपल्याकडे वीज मध्येच जाते, तेव्हा अर्धवट राहिलेली मांडणी ‘डीपीकेजी’च्या ‘कन्फिगर’ आज्ञेने पूर्ण करता येते.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सविषयक पाठ मराठीतही आहेत; आठवी-नववीच्या मुलामुलींना ते सहज उमगतात. कक्षात एक वही ठेवावी. तीत दिनांक, संगणकाचा क्रमांक, पडद्यावरील संदेश शब्दशः आणि केलेला उपाय लिहावा. नोंद करणाऱ्याने खाली आपले नावही घालावे.