ब्रेकच्या तबकडीस भोके असावीत काय?

कोसाडच्या कोणत्याही रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे निरखून पाहिल्यास पुढच्या चाकाला पोलादाची एक चकचकीत तबकडी बसविलेली दिसते. हीच डिस्क ब्रेकमधील डिस्क होय. तिच्यावर भोकांची सुबक नक्षी असते. आता शेजारीच उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या चाकातून आत डोकवावे. तेथेही तबकडी आहे, अधिक मोठी आणि अधिक जाड. परंतु बहुतेक मोटारींत तिचा पृष्ठभाग अगदी साधा, एकही भोक नसलेला आढळेल. काम एकच, मग हा भेद का? आणि अलीकडे काही हौशी मंडळी मोटारीसही भोकांच्या तबकड्या बसवून घेतात, त्यायोगे गाडी खरोखर अधिक चांगली थांबते काय? आम्ही भाषा शिकविणारे असलो तरी हा प्रश्न शालेय पदार्थविज्ञानाच्या आटोक्यातला आहे, म्हणून त्याचा येथे विचार करीत आहोत.

ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड फिरत्या तबकडीस चिमटीत धरतात व घर्षणाने गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता किती, ते मांडून पाहू. १००० किलो वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने चालली असता तिची गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल भरते. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या दोन चाकांवर ब्रेकचे सुमारे ७० टक्के काम पडते असे धरू. प्रत्येक पुढच्या तबकडीच्या वाट्यास ७० हजार ज्यूल येतात. तबकडी ५ किलोची व बिडाची आहे. एक किलो बीड एक अंशाने तापविण्यास सुमारे ४६० ज्यूल लागतात. भागाकार करता तबकडी एका थांब्यात सुमारे ३० अंशांनी तापते असे दिसेल. ती त्या क्षणी वाऱ्याने फारशी निवत नाही. उष्णता आधी धातूच्या पोटात साठते, व नंतर सावकाश हवेत जाते. ही साठवण जितकी मोठी, तितके तापमान कमी चढते. भोके पाडणे म्हणजे साठवणीतले धातू कमी करणे, हे येथेच ध्यानात घ्यावे.

भोके पाडली की पॅडला घासावयास जागा कमी उरते, सबब ब्रेक कमी लागतो, असे काही जण म्हणतात. हे मात्र बरोबर नाही. घर्षणबल हे दाबावर व पृष्ठांच्या जातीवर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नव्हे, हा धडा आपण शिकलो आहोतच. फरक पडतो तो पॅडच्या झिजेत. भोकांच्या कडा पॅडला किसणीसारख्या खरवडतात.

मग भोके निघाली कशासाठी? डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली घेतले. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार कंपनीच्या डिस्क ब्रेक बसविलेल्या गाडीने जिंकली, आणि या ब्रेकचा बोलबाला झाला. त्या काळच्या पॅडमधील राळेसारखी बांधणीची द्रव्ये अतिशय तापली की त्यांतून वायू सुटे, आणि पॅड व तबकडी यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसून पकड ढिली होई. वायूस वाट देण्याकरिता भोके उपयोगी पडत. आजच्या पॅडमध्ये हा दोष बराच कमी झाला आहे. दुसरा उपयोग पाण्याचा. श्रावणसरीत उघडी तबकडी भिजली की तिच्यावर पाण्याचा पापुद्रा बसतो. भोकांच्या कडा तो मोडतात आणि पहिल्याच दाबात ब्रेक लागतो.

मोटारसायकलीस हे दोन्ही कारणांनी लाभते. तिची तबकडी पावसात उघडीच असते, आणि तिच्यावरील उष्णतेचा बोजा लहान असतो. स्वारासह २०० किलोची मोटारसायकल व १००० किलोची मोटार सारख्याच वेगाने येत असल्या, तर मोटारीस पाचपट ऊर्जा गिळावी लागते. शिवाय चाकाचे वजन जितके हलके तितके हँडल वळविणे सोपे. तबकडीही बिडाची नसून गंज न चढणाऱ्या पोलादाची असते, व पोलाद बिडासारखे ठिसूळ नसते.

भोकांनी तबकडी लवकर निवते, या म्हणण्यात तथ्य आहे. पण किती, हे मुलांनी भूमितीने पाहावे. भोक पाडले की दोन्ही पृष्ठांवरील दोन वर्तुळे जातात व आतली गोल भिंत नव्याने मिळते. भोकाचा व्यास तबकडीच्या जाडीच्या दुपटीहून कमी असेल तरच हवेस लागणारे क्षेत्रफळ वाढते. बरोबर दुप्पट असेल तर जमाखर्च सारखा! ४ मिलिमीटर जाडीच्या तबकडीत ८ मिलिमीटरचे भोक पाडून क्षेत्रफळाचा काहीच नफा नाही. मोटारीच्या जाड तबकडीत थोडा नफा होतो हे मान्य केले पाहिजे; परंतु तेथे मुख्य काम दुसऱ्याच युक्तीने होते. पुढच्या चाकांची तबकडी पुष्कळदा दुपदरी असते, आणि दोन पदरांमधील पात्यांमुळे ती फिरताना मधून वारा खेळविते. आपल्या कोसाड स्थानकावरून सुरत–वडोदरा मार्गाने धडधडत जाणाऱ्या एलएचबी डब्यांना प्रत्येक आसावर अशा दोन तबकड्या असतात. पात्यांनी थंड होणाऱ्या, पण घासणाऱ्या पृष्ठावर भोकांची नक्षी नसलेल्या. (त्या पाहण्यासाठी फलाटावरून वाकण्याचा मोह कोणी करू नये.)

खरी परीक्षा घाटात होते. सुट्टीत येथील कित्येक मराठी कुटुंबे कोंडाईबारीच्या घाटाने खानदेशात किंवा सापुताऱ्यावरून नाशिककडे मोटारीने जातात. समजा, तीच मोटार उतारावर ५०० मीटर खाली आली. ऊर्जा होते ४९ लाख ज्यूल, म्हणजे वरच्या हिशेबातील चोवीस थांब्यांहून अधिक! हे सारे ब्रेकवरच सोपविले आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे धरले, तर ५ किलोची तबकडी सुमारे ७४५ अंशांनी तापेल; भोकांमुळे ती ४.७ किलोची झाली असेल तर ७९० अंशांच्या वर. प्रत्यक्षात वारा यांतले पुष्कळ नेतो. तथापि घाटातील मंद वेगात त्या वाऱ्याचा जोरही कमीच. बिडाच्या तापल्या तव्यावर गार पाणी पडल्यास काय होते, हे स्वयंपाकघरातून विचारून घ्यावे. तापणे-निवणे वारंवार होत राहिले की तडा धातूच्या कमकुवत जागी सुरू होतो, आणि भोकाची कड ही तशी जागा आहे. त्यातही साध्या तबकडीला गॅरेजात ड्रिलने भोके पाडून घेणे हा प्रकार तर आम्हांस निव्वळ अविचार वाटतो. भोक आतल्या पात्यांवर आले की तीही दुबळी होतात आणि तबकडीचा तोल जातो. काही कंपन्या आपल्या वेगवान गाड्यांना भोकांच्या तबकड्या स्वतःच देतात हे खरे, पण तेथे तबकडीचा आकार व भोकांच्या जागा मुळापासून हिशेबाने ठरविलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट. घाटात पुष्कळदा दगा देते ते ब्रेकचे तेल. साध्या डॉट ३ जातीचे तेल ताजे असता किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. हवेतील ओल शोषून घेतल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, आणि मग तबकडी कशीही असली तरी सारखेच. म्हणून तेल वेळच्या वेळी बदलून घ्यावयाचे आणि उतारास खालचा गिअर टाकावयाचा. मग ते ४९ लाखांचे ओझे इंजिनही वाटून घेते.

ज्यांच्या मोटारीस भोकांच्या तबकड्या बसवून झाल्याच आहेत, त्यांनी चाक काढले असता प्रत्येक भोकाभोवती उजेडात पाहावे. एका भोकापासून दुसऱ्या भोकाकडे किंवा बाहेरच्या कडेकडे निघालेली केसाएवढी रेघ दिसली, तर ती तबकडी बदलावी लागते. लेथवर घासून तो तडा जात नाही.